पोट बदलून मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पोटाच्या भिंतीच्या, म्हणजे आतडी झाकणाऱ्या कातडी-स्नायूंच्या, प्रत्यारोपणावर लेख आला होता. मथळा होता 'आता पोटही नवे मिळणार!' सोमवारी सकाळी सातला म्हैसाळहून आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या बाई दारात आल्या. पाटी खाली ठेवली आणि मेथीच्या जुड्यांखालून ते पान काढलं, चार घड्या घातलेलं. नातवाने वाचून दाखवलं होतं म्हणे. "सिस्टर, ह्यात माझं नाव घालता येतंय का बगा की."

बाईंची दोन सिझर झालीत. दुसऱ्या वेळी टाके पिकले आणि पुढे त्याच शिवणीतून हर्निया, म्हणजे कमजोर जागेतून आतड्याचा फुगा, बाहेर आला. आज तो सोललेल्या नारळाएवढा आहे. बसायचं झालं की त्या आधी तो हाताने सावरून मांडीवर घेतात, मग बसतात. त्याच दिवशी दुपारी माझ्या एका मैत्रिणीचाही फोन आला. तिला सुटलेलं पोट बदलून हवं होतं. तिची थट्टा करता आली. भाजीवाल्या बाईंची करता येईना.

म्हणून हे पत्र. जागा कमी पडली तर शेवट कापा, मधलं कापू नका.

मी मिरजेची. चौतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली सत्तावीस ऑपरेशन थिएटरमध्ये. थिएटरमध्ये ऐकायला सगळ्यात गोड वाक्य म्हणजे "चला, क्लोज करू या." मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजून झालेले असतात, भुलीचे डॉक्टर मान हलवतात, कुणीतरी चहाचं नाव काढतं. आणि सगळ्यात वाईट वाक्य म्हणजे "पोट बंद होत नाहीये." आतडी सुजून वर आलेली असतात. ओढूनताणून शिवलं तर आतला दाब वाढतो, लघवी बंद पडते, श्वास घ्यायला छातीला जागा उरत नाही. अशा वेळी पोट उघडंच ठेवतात. उघडं म्हणजे काय, तर मूत्राशय धुण्याच्या पाण्याची तीन लिटरची पिशवी रिकामी करायची, कापून तिचा सपाट तुकडा करायचा आणि कडा कातडीला शिवून टाकायच्या. याला बोगोटा बॅग म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1984 साली एका सर्जनने ही युक्ती काढली, म्हणून हे नाव. पिशवीची आतली बाजू निर्जंतुक असते, ती आतड्यांकडे करायची. कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपरा रुततो. दुसऱ्या दिवशी राउंडला त्या प्लास्टिकमधून आतडी हळूहळू सरकताना दिसतात. नवीन मुली पहिल्यांदा बघून बाहेरच्या बाकावर जाऊन बसत. मीही बसले होते.

अशा पिशव्या किती कापल्या, ते मोजलं नाही. 2004 साली एक माझ्या धाकट्या भावाच्या पोटावर होती. ती मात्र मी कापली नाही. मला बाहेर बसवलं होतं.

बाळू इचलकरंजीत मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी अडकली. दुखणं दोन दिवस गॅसचं समजून काढलं, त्याने आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीही. पोट उघडलं तेव्हा आतडी काळी पडली होती. माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. त्याचं सत्तर सेंटिमीटर उरलं. मग पिशवी, मग पू, मग पुन्हा थिएटर. तेवढ्या आठवड्यांत पोटाच्या दोन्ही कडा मागे सरकत गेल्या आणि स्नायू आखडले. शेवटी मांडीची पातळ साल काढून थेट आतड्यांवर लावली. पुढचे बावीस महिने तीच त्याच्या पोटाची भिंत. नागलीच्या पापडाएवढी जाड. काही तोंडात गेलं की तिच्याखाली आतडं वळवळताना दिसायचं. त्याची मुलगी शेजारी बसून बघत राहायची, तिला त्यात गंमत वाटे. दुकानातला पट्टा त्याला काचायचा, म्हणून आईच्या नऊवारीचा पट्टा करून मी बांधून द्यायची. खोकला येतोय असं वाटलं की तो आधी उशी शोधायचा.

एकदा वहीवर चित्र काढून मी त्याला पोटाची भिंत समजावत होते. बाजूला स्नायूंचे तीन पापुद्रे. सगळ्यात वरच्याचे धागे तिरके खाली उतरतात, मधल्याचे त्याच्या उलट तिरके, सगळ्यात आतल्याचे आडवे. पुढे मधोमध दोन उभे पट्टे, एका घट्ट पांढऱ्या खोळीत बसवलेले. बाळूने पेन्सिल घेतली, चित्रात दिशा दाखवणारे बाण काढले आणि म्हणाला, "असं कापड कुठल्याच मागावर निघत नाही, ताई. आणि तुमचे डॉक्टर त्याला मच्छरदाणीचं ठिगळ लावतात."

हे त्याने थट्टेत म्हटलं, पण ते शब्दशः खरं आहे. हर्नियावर ठिगळासारखी बसवायची जाळी महाग पडते म्हणून मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरण्याचं काम आपल्याच धुळे जिल्ह्यात, दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी केलं. 2003 साली इतर सर्जनांबरोबर त्याचा अहवाल छापला. आपल्या लेखात ओळीओळीला अमेरिका होती. दोंडाईचा कुठेच नव्हतं. असो. बाळूला मात्र जाळीचा उपयोग नव्हता. आतड्याला भोकं पडून मळ झिरपत असेल, पू असेल, तर जाळी टिकत नाही. तीच पिकते आणि काढावी लागते.

2005 साली नाइट ड्यूटीला असताना एका रजिस्ट्रारने, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरने, मला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाची झेरॉक्स आणून दिली. 2003 चा लेख. अमेरिकेतल्या मायामीच्या सर्जनांनी मेंदूमृत दात्याच्या पोटाची अख्खी भिंत, म्हणजे कातडी, चरबी, ते दोन उभे स्नायू आणि त्यांची खोळ, रक्तवाहिन्यांसकट काढून दुसऱ्याच्या पोटावर बसवली होती. पहिली शस्त्रक्रिया 2001 ची. आठ पेशंट, नऊ भिंती. मी ते बाळूला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "नववी कुणाची?" म्हटलं, एकाला दोनदा बसवावी लागली असणार. "म्हणजे पहिली नापास," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

तो रजिस्ट्रार भला मुलगा होता. त्याने मला हेही स्पष्ट सांगितलं की ही सगळी माणसं नवीन आतडं बसवून घेणारी होती, नुसती भिंत बसवलेली नव्हेत. आपल्या लेखातून नेमकं हेच निसटलं, आणि त्याशिवाय बाकी काही समजतच नाही. आतडी काढून टाकली की रिकामं पोट आवळत जातं. त्यात नवीन आतडं बसवायचं म्हटलं तर ते मावत नाही, शिवाय ते सुजतं. एक मार्ग म्हणजे अंगाने बराच लहान असलेला दाता मिळेपर्यंत थांबणं. थांबणं म्हणजे छातीत घातलेल्या नळीने शिरेतून अन्न, आणि त्या नळीतून कधी जंतू आत जातील याचा नेम नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्याच दात्याच्या पोटाचं झाकणही सोबत घेणं.

सोबत का? तर दुसऱ्याचं काहीही अंगात घातलं की शरीर त्याच्यावर उठतं. ते दबवायला टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यायची, घड्याळ लावून. ती मूत्रपिंडांवर येतात, साधा ताप अंगाशी येतो, कॅन्सरचा धोका वाढतो. आतडं बसवलं की ही औषधं घ्यावीच लागतात. म्हणजे गाडीभाडं भरलेलंच आहे, त्यात आणखी एक पोतं टाकलं. पण नुसत्या हर्नियासाठी ते भाडं कुणी भरायचं नाही आणि कुठल्या डॉक्टरने भरायला लावायचंही नाही. भाजीवाल्या बाईंना मी याच शब्दांत सांगितलं. त्यांना लगेच कळलं, रोज टेम्पोचं भाडं त्याच देतात.

आतड्याशिवाय भिंत बसवल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. तिथेही भिंत एकटी नव्हती. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अफगाणिस्तानातल्या स्फोटात जखमी झालेल्या एका अमेरिकी सैनिकावर चौदा तास शस्त्रक्रिया झाली. लिंग, अंडकोषांची पिशवी आणि पोटाच्या भिंतीचा खालचा भाग असं सगळं एकसंध बसवलं. अंडकोष मुद्दाम घेतले नाहीत, नाहीतर होणारी मुलं दात्याची झाली असती. इतका बारीक विचार तिथे आधी झाला होता.

तंत्राबद्दल मी जास्त लिहीत नाही, पण एक गोष्ट थिएटरवाल्या बाईला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही भिंत जगते ती जांघेतून वर जाणाऱ्या एका बारीक धमनीवर आणि शिरेवर. मायामीत त्यांच्याबरोबर मूळची मोठी रक्तवाहिनीही घेतली. इटलीत बोलोन्याच्या सर्जनांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिनीला बारीक वाहिनी जोडली. पण आतडं बसवायला तासन्‌तास लागतात, तोवर भिंत बर्फात पडून राहणार. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या सर्जनांनी काय करावं? ती भिंत आधी पेशंटच्या हाताला जोडली, मनगट आणि कोपर यांच्या मधल्या वाहिन्यांना. आत एक तुकडी आतडं बसवतेय आणि इकडे बाजूला पसरलेल्या हातावर दात्याचं पोट गुलाबी होत चाललंय. आतलं काम संपलं की हातावरून सोडवून पोटावर. हे वाचून मी चष्मा काढून पुसला. त्या टेबलाजवळ साहित्याची ट्रॉली कुठे लावली असेल, हा माझा पहिला विचार.

आणि कातडीचा आणखी एक उपयोग त्यांना दिसला. आत बसवलेलं आतडं शरीर नाकारू लागलं तर ते बाहेरून कळत नाही, दुर्बीण घालून तुकडा काढून तपासावा लागतो. पण दात्याची कातडी बाहेर असते. तिच्यावर लाल पुरळ उठलं की ड्यूटीवरची सिस्टरसुद्धा डॉक्टरांना उठवू शकते. दर वेळी कातडी आणि आतडं एकाच सुरात बोलतात असं नाही, तरी इशारा मिळतो. म्हणून ज्यांना भिंत लागत नाही अशा पेशंटच्याही हातावर तिथे दात्याच्या कातडीचा एक तुकडा लावून ठेवू लागले.

आता 'नवे पोट' या शब्दांबद्दल. बहुतेक शस्त्रक्रियांत या भिंतीचे मज्जातंतू जोडलेले नसतात. तो स्नायू पेशंटच्या हुकमात येत नाही, हळूहळू वाळत जातो. टिकते ती पांढरी खोळ, आणि तीच आतडी आत धरून ठेवते. उठाबशा काढायला हे पोट नाही. ते झाकण आहे, उत्तम झाकण. पंचवीस वर्षं झाली तरी जगभरात छापून आलेल्या अशा शस्त्रक्रिया शंभरही भरत नाहीत. मथळा देणाऱ्याने एवढा एक आकडा विचारला असता तर उद्गारचिन्ह आपोआप गळलं असतं.

खरं लिहायचं होतं ते दात्याबद्दल. आपल्या लेखात दात्यावर एक ओळ होती, 'मृत दात्याकडून भिंत मिळवली जाते.' मिळवली जाते!

निवृत्तीआधीची काही वर्षं मी पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात होते. तिथे सातारा भागातला एक पोरगा आला, मोटरसायकलचा अपघात, मेंदूमृत. घरच्यांनी मूत्रपिंडं, यकृत आणि डोळे दिले. पहाटे सगळं संपल्यावर देह स्वच्छ करून मीच गुंडाळला. ताब्यात देताना त्याची आई पुढे आली. डोळ्यांचं विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "पोट नीट शिवलंय न्हवं?" समुपदेशकबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी चादर बाजूला केली. गळ्याखालपासून ओटीपोटापर्यंत एक सरळ शिवण होती, ज्युनिअर डॉक्टरने घातलेली, पण मी शेजारी उभी राहून घालून घेतलेली. ती बाई गोधड्या शिवून विकायची, हे मला नंतर कळलं. वाकून बघितलं आणि म्हणाली, "टाका बारीक हाय." मग तिने स्वतःच चादर ओढून घेतली.

आता याच बाईला पोटाची भिंत मागायची आहे असं धरा. बरगड्यांखालपासून ओटीपोटापर्यंतचा मोठा तुकडा निघणार. त्या जागी सरळ शिवण येणार नाही. बाजूची कातडी ओढून किंवा कृत्रिम कापड लावून पोट झाकावं लागणार. अंघोळ घालताना घरच्यांना ते दिसणार. हे तिला आधी सांगायचं की नाही? आणि कुणी, कुठल्या शब्दांत?

लोक याला त्वचादान समजतील, ही माझी मोठी भीती आहे. त्वचापेढी मांडीवरून, पाठीवरून पातळ साल घेते, कपड्यात काही दिसत नाही. ते समजावून सांगायलाच आपल्याकडे किती वर्षं गेली. उद्या कुणी 'त्वचादान केलं आणि पोट कापून नेलं' असं म्हटलं, तर मागची सगळी मेहनत पाण्यात. मी स्वतः अवयवदानाचा फॉर्म नंबर 7 भरलाय. त्यात त्वचा आहे, हाडं आहेत, 'अन्य' असा रकाना आहे. पोटाच्या भिंतीचं नाव नाही. अमेरिकेत 2014 पासून हात, चेहरा, पोटाची भिंत असले एकसंध भाग कायद्याने अवयवांत धरले, पण त्यांच्यासाठी वेगळी, नाव घेऊन परवानगी लागते. नेहमीच्या दानपत्रावर सही आहे म्हणून ते घेता येत नाहीत.

आपल्याकडे याची चांगली वाट हातांच्या बाबतीत पडलेली आहे. कोचीला 2015 साली हात बसवले, मुंबईत 2020 साली लोकलखाली दोन्ही हात गेलेल्या मुलीला बसवले. हात देणाऱ्याच्या देहाला कृत्रिम हात लावून मग घरच्यांकडे सोपवतात. चितेवर ठेवताना बाही रिकामी दिसू नये, एवढाच त्याचा उपयोग, पण होकार द्यायला तेवढं पुरतं. पोटाचंही असंच काही आधी ठरवून, लिहून, दाखवून करता येईल. माझा या शस्त्रक्रियेला विरोध मुळीच नाही. बाळूला ती मिळाली असती तर मी स्वतः ट्रॉली लावायला उभी राहिले असते. तो 2006 साली गेला. छातीतल्या नळीतून जंतू गेले. कुठल्या वॉर्डात, कुणाच्या हयगयीने, ते मी इथे लिहीत नाही. मीही त्याच धंद्यातली.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात लिहा की हे हर्नियावरचं किंवा सुटलेल्या पोटावरचं औषध नाही, आतडं बसवून घेणाऱ्या मोजक्या लोकांसाठी चाललेला प्रयोग आहे. आणि दात्याच्या देहाचं पुढे काय करतात, ते एखाद्या प्रत्यारोपण समन्वयकाला विचारून छापा. त्या लोकांना असल्या प्रश्नांची सवय असते, ते रागावत नाहीत.

भाजीवाल्या बाईंना गुरुवारी मी सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीला घेऊन जाणार आहे. जाळी बसेल असं मला वाटतं. तोवर पट्टा बांधा आणि पाटी डोक्यावरून नेऊ नका, असं सांगितलंय. पाटीचं त्या ऐकणार नाहीत. आपल्या पुरवणीचं पान मी ठेवून घेत होते, ते त्यांनी परत मागून घेतलं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
मिरज